संवयींचें भांडवल

धंद्यांत यश कशानें येतें, हा प्रश्न चारचौघांत निघाला म्हणजे उत्तरें बहुतेक ठरलेलीं असतात. एक म्हणतो भांडवल पाहिजे, दुसरा म्हणतो ओळख पाहिजे, आणि तिसरा कपाळाकडे बोट दाखवून गप्प बसतो. ह्या तिन्ही उत्तरांत एक मोठी सोय आहे. भांडवल, ओळख आणि नशीब ह्यांपैकीं एकही वस्तु आपल्या हातीं नसल्यामुळें, धंद्यांत न पडण्याचा दोषही आपल्या माथीं येत नाहीं. मराठी पांढरपेशा घरांनीं ही सोय पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या समाधानानें वापरली आहे.

माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. 'मी मोठेपणीं कोण होणार' ह्या विषयावरचे निबंध मीं किती तपासले असतील ह्याची गणती नाहीं. त्यांत डॉक्टर होते, इंजिनियर होते, मामलेदार होते, फौजदार होते; पण 'मी माल तयार करीन आणि तो लोकांच्या दारांत नेऊन विकीन' असें लिहिणारा मुलगा क्वचितच भेटला. विकणें हा शब्द घरांत मानानें उच्चारला जात असलेला मुलांनीं ऐकलाच नव्हता, तर तो त्यांच्या वहींत यावा कोठून? म्हणून आज मी तुमच्यापुढें अशा एका गृहस्थाची हकीकत ठेवणार आहें, कीं जे प्रथम मास्तर होते आणि पुढें कारखानदार झाले. ते म्हणजे कैलासवासी लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांचें चरित्र पुष्कळांना ठाऊक आहे. पण तें आपण बहुधा साहसकथेसारखें ऐकतों आणि विसरतों. मला त्यांतील साहसाकडे न पाहतां रोजच्या संवयींकडे पाहावयाचें आहे. कारण साहस सर्वांना साधत नाहीं, संवय मात्र कोणालाही लावून घेतां येते.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर ह्यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं तेव्हांच्या बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर ह्या गांवीं झाला. शाळेंतील पाठांतरांत त्यांचें मन रमेना. चित्रें काढणें आणि यंत्रें न्याहाळणें हे त्यांचे दोन नाद. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण वडील बंधु रामूअण्णा ह्यांच्या पाठिंब्यानें, ते १८८५ सालीं मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. दोन वर्षांनीं असें दिसून आलें कीं, त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणाला ह्याहून मोठा अपशकुन तो कोणता? परंतु रंग गेले तरी रेषा शिल्लक होती. त्यांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या पक्की केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्याच विषयाचे दुय्यम शिक्षक म्हणून नोकरी मिळविली.

येथें त्यांची पहिली संवय दृष्टीस पडते. तास संपला म्हणजे घरची वाट धरणें हा आम्हां मास्तरांचा सर्वमान्य हक्क आहे. लक्ष्मणराव मात्र फावल्या वेळांत संस्थेच्या कारखान्यांत जात आणि ज्या यंत्रांचीं चित्रें फळ्यावर काढीत, तीं यंत्रें स्वतः चालवून पाहत. त्याच्या जोडीला यंत्रविद्येवरील पुस्तकें व मासिकें वाचण्याचा परिपाठ. ह्या श्रमांबद्दल त्यांना एक पैसाही जास्त मिळत नव्हता, आणि पुढें त्यांतून कांहीं निघेल अशी खात्रीही कोणी दिली नव्हती. आपण जें बोलतों तें हातानें करून पाहिलेलें असावें, एवढाच त्यांतला आग्रह. शिक्षकाच्या अंगीं हा आग्रह नसला तर मुलांना तो आठ दिवसांत कळून येतो. विक्रेत्याच्या अंगीं नसला तर गिऱ्हाईकाला तो आठ मिनिटांत कळतो.

दुसरी संवय सायकलच्या धंद्यांत दिसते. सायकल ही त्या काळीं अपूर्व वस्तु होती. लक्ष्मणरावांनीं ती मुंबईंत पाहिली आणि १८८८ सालीं बेळगांवांत दोघां भावांचें 'किर्लोस्कर ब्रदर्स' ह्या नांवाचें छोटेंसें दुकान निघालें. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन धाडीत आणि रामूअण्णा त्या बेळगांवांत विकीत. किंमत सातशें ते हजार रुपये, म्हणजे त्या काळच्या मानानें एक छोटी इस्टेटच. इतकी महाग वस्तु घेणाऱ्या माणसाला पहिली भीति पैशाची नसते, ती पडण्याची असते; आणि तीही चारचौघांत पडण्याची. रामूअण्णा १५ रुपये घेऊन सायकल चालविण्यास शिकवीत. ह्या पंधरा रुपयांत सबंध विक्रीशास्त्र सामावलें आहे असें मला वाटतें. माल दिला, पैसे मोजून घेतले आणि व्यवहार मिटला, असें त्यांनीं मानलें नाहीं. घेणारा जोंवर ती वस्तु निर्भयपणें वापरूं लागत नाहीं, तोंवर विक्री पुरी झालीच नाहीं, हा त्यांचा समज होता. जो मनुष्य सायकलवरून सुखानें बाजारांतून जातो, तो न सांगतां दुकानाची जाहिरात करतो. आणि जो पहिल्याच दिवशीं पडून ती पडवींत उभी करून ठेवतो, तो तितक्याच निश्चितपणें उलट जाहिरात करतो.

पुढें मुंबईच्या नोकरींत बढतीची वेळ आली, तेव्हां लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यांत आली. त्यांनीं राजीनामा दिला आणि बेळगांवीं येऊन भावासह पूर्णपणें धंद्यांत पडले. प्रथम कडबा कापण्याचें यंत्र केलें, आणि मग लोखंडी नांगर.

ह्या नांगराच्या प्रकरणावर थोडें थांबलें पाहिजे, कारण विक्रेत्याच्या स्वभावाची खरी परीक्षा तेथें झाली. इंग्लंडांतील रॅन्सम्स कंपनीचे लोखंडी नांगर त्या काळीं आपल्याकडे येत असत. तसा नांगर देशांत तयार करावा, ही लक्ष्मणरावांची कल्पना. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाचा फाळ खोल गेला म्हणजे जमिनींत विष उतरतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिल्या नांगराला गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. दोन वर्षें म्हणजे चार हंगाम. दारांत माल पडून आहे, त्यांत गुंतलेला पैसा गंजतो आहे, आणि ज्याच्यासाठीं तो केला तोच त्याला हात लावावयास तयार नाहीं!

शहरांतील सुशिक्षित मनुष्य अशा वेळीं चटकन् म्हणतो, "लोक अडाणी आहेत." आणि तेथेंच त्याचा धंदा संपतो. शेतकऱ्याच्या बाजूनें विचार करून पाहा. त्याचा लांकडी नांगर गांवचा सुतार करून देई, दुरुस्तही करी, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळीं खळ्यावर बलुतें नेई. रोख पैशाचा प्रश्नच नव्हता. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, तो ओढावयास जास्त बैल हवेत, आणि त्याचा एखादा भाग मोडला तर तो कोठून आणावा ही चिंता वेगळी. शिवाय सगळीकडची जमीन सारखी नसते. आमच्या किकवीकडे पाहा. पुणें-सातारा रस्त्यावरच्या ह्या गांवाहून भोरच्या वरच्या अंगाला गेलें म्हणजे मावळांतलीं भाताचीं खाचरें लागतात. तेथें चिखलणीच्या वेळीं हलका लांकडी नांगरच बरा. उलट कृष्णाकांठच्या काळ्या रानांत हरळी आणि कुंदा मुळें खोल रोवून बसतात. तेथें खोल नांगरटीवांचून गति नाहीं. तेव्हां 'जमिनींत विष उतरतें' ह्या एका वाक्याच्या पोटांत पैशाची, बैलांची, दुरुस्तीची आणि नापिकीची अशा चार खऱ्या शंका दडलेल्या होत्या. शेतकऱ्याला त्या मांडून दाखवितां येत नसत, एवढेंच.

चांगला शिक्षक मुलाचें चुकलेलें उत्तर ऐकून हंसत नाहीं; तें उत्तर आलें कोठून हें तो शोधतो. गणित चुकण्यालाही एक रीत असते, आणि ती सांपडली म्हणजे शिकविण्याची निम्मी वाट संपली. विक्रेत्याला मिळणारा नकारही असाच वाचावा लागतो. ज्याला नकाराचा राग येतो तो दुसऱ्या खेपेस त्या दारीं जात नाहीं. ज्याला नकाराचें कुतूहल वाटतें तो जातो. किर्लोस्कर बंधूंनीं नांगर सोडला नाहीं. तो सुधारीत राहिले, दाखवीत राहिले, आणि शेवटीं ज्याच्या रानांतली हरळी गेली त्या शेतकऱ्याचें शेत पाहूनच त्याच्या शेजाऱ्याचें मन वळत गेलें.

धंदा रुळावर येत आहे तोंच १९१० च्या सुमारास बेळगांव नगरपालिकेला गांवाच्या वाढीसाठीं कारखान्याची जागा हवी झाली आणि लक्ष्मणरावांना बिऱ्हाड हलविणें भाग पडलें. त्या वेळीं ते औंध येथें यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचें काम करीत होते. आमच्या तालुक्यांतील भोर ही जशी पंतसचिवांची राजधानी, तशी औंध ही पंतप्रतिनिधींची. तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचें बिनव्याजी कर्ज देऊं केलें. आतां हा राजाश्रय पाहून कोणी म्हणेल, "हें तर ओळखीचेंच काम झालें." पण ही ओळख कशी झाली तें ध्यानांत घ्या. ती मेजवानींत झालेली नव्हती. अंगावर घेतलेलें काम पुरें करीत असतांना झाली होती. राजानें मनुष्याचें काम पाहिलें होतें, आणि त्यावर विश्वास ठेवला.

जमीन मिळाली ती निवडुंगानें माजलेली आणि सापांनीं भरलेली. तेथें १० मार्च १९१० रोजीं किर्लोस्करवाडी वसली. पुढें स्टेशनाचें नांवही तेंच झालें.

ह्या माळावर जीं माणसें जमलीं, त्यांत लक्ष्मणरावांची तिसरी संवय दिसते. शंभूराव जांभेकर हे पडेल तें काम करणारे. मंगेशराव रेगे हे पत्रव्यवहार व हिशेब सांभाळणारे. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण पुढें कल्पक यंत्ररचनाकार म्हणून नांवाजलेले. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या दोघां दरोडेखोरांना त्यांनीं रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलें आणि त्या दोघांनीं तो विश्वास पाळला. वाडींत शिवाशीव चालूं दिली नाहीं. प्रमाणपत्र न पाहतां माणूस पाहणें हें बोलावयास सोपें आहे; आचरणांत आणावयाचें तर रोज माणसांमध्यें वावरावें लागतें, त्यांचें काम बारकाईनें पाहावें लागतें, आणि एकदां निर्णय घेतला म्हणजे जबाबदारी खरोखर त्यांच्या हातीं सोपवावी लागते. मागच्या बांकावरचा कोणता मुलगा कशांत हुशार आहे हें ज्या मास्तराला ठाऊक असतें, त्यालाच हें साधतें. मंगेशरावांसारखा मनुष्य हिशेबावर बसविणें ह्यालाही मी मोठी अक्कल समजतों. आपल्याला जें नीट जमत नाहीं तें ज्याला जमतें त्याच्या स्वाधीन करणें, ही पुष्कळ हुशार माणसांना न लागलेली संवय आहे, आणि तिच्या अभावीं कित्येक चांगले कारखाने वहीखात्यांत बुडाले आहेत.

चौथी संवय लेखणीची. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें पत्र सुरूं केलें. हेतु असा कीं, कारखान्याची आणि मालाची वार्ता गिऱ्हाईकांपर्यंत नियमानें पोंचावी. त्यांतूनच पुढें 'किर्लोस्कर' मासिक वाढलें. १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं मासिकें निघालीं, आणि मराठी घराघरांत त्यांनीं वाचनाची गोडी लावली. नांगराच्या जाहिरातींतून मराठी वाङ्मयाला मासिकें मिळावीं ही गोष्ट मोठी नवलाची आहे. पण मूळ संवय साधी होती: ज्याला माल विकला त्याला विसरावयाचें नाहीं, त्याच्याशीं बोलणें चालूं ठेवावयाचें.

हें आजही कसें लागू पडतें ह्याचें एक लहानसें उदाहरण देतों. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें आमच्या भागांत पाण्याचे पंप विकण्याचें व दुरुस्त करण्याचें दुकान आहे. शाळेंत तो गणितांत कसाबसा तरून जाई. त्याच्या गल्ल्याजवळ एक जाड वही असते. कोणाच्या विहिरीवर कोणता पंप, तो कधीं बसविला, पाणी किती हात खोल, कोणता भाग केव्हां बदलला, सगळें तींत टिपलेलें. आतां मोबाइलवर सर्व कांहीं राहतें. तरी तो वहीच पुढें ओढतो. ऐन उन्हाळ्यांत पंप बंद पडून घाबराघुबरा झालेला शेतकरी फोन करतो, तेव्हां हा गृहस्थ त्याला एकही प्रश्न न विचारतां नेमका भाग घेऊन मोटारसायकलवर निघतो. त्याच्या दुकानासमोर त्याच्याहून मोठीं, काचा लावलेलीं दुकानें आलीं. पण ज्याच्या वहींत आपली विहीर आहे त्याला सोडून शेतकरी पलीकडे जात नाहीं. विक्रीकलेवर त्यानें एकही पुस्तक वाचलेलें नाहीं. मीं त्याला एकदां ह्या वहीबद्दल विचारलें, तर म्हणाला, "गुरुजी, तुम्ही हजेरी घेत होतां ना, तशीच ही."

किर्लोस्करांचेंच उदाहरण एकटें आहे असेंही नव्हे. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं देशी उद्योगासाठीं प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागण्याची कल्पना काढली. लोकमान्यांनीं तिला पाठिंबा दिला, आणि त्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव येथें कांचेचा कारखाना उभा राहिला. रुपया मागितला असता तर शंभरांतून एक हात पुढें आला असता; पैसा मागितला म्हणून गरिबालाही 'नाहीं' म्हणण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र पैसा मागणाऱ्याला दारें चौसष्टपट झिजवावीं लागतात, आणि पायांना तशी संवय असावी लागते. १९१६ सालीं निघालेल्या, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कांचकारखान्याचा 'प्रभाकर' कंदील खेड्यापाड्यांतल्या ओसरीओसरींवर टांगलेला आमच्या वडिलांच्या पिढीनें पाहिला आहे. परदेशी मालाच्या तोडीचा माल हातीं देऊन स्वदेशीचा उपदेश करणें, आणि हलका माल देऊन देशाभिमानाच्या नांवाखालीं खपविणें, ह्यांत जें अंतर आहे तें ह्या मंडळींनीं ओळखलें होतें.

आतां कोणी आक्षेप घेईल कीं, संवयींचें हें कौतुक जरा अधिकच होत आहे. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. पहिलें महायुद्ध पेटलें आणि विलायती नांगर येणें थांबलें, म्हणून किर्लोस्करांच्या नांगरास मोकळा बाजार मिळाला. औंधच्या अधिपतींनीं जमीन दिली, म्हणून कारखाना टिकला. हें मान्य केलेंच पाहिजे. त्यांच्याइतकेच कष्टाळू, त्यांच्याइतकेच नेकीचे असे कित्येक लोक संधीवांचून तसेच राहिले असतील, आणि त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. संवयी संधि निर्माण करीत नाहींत. पण १९१४ सालीं जेव्हां विलायती माल बंद झाला, त्या दिवशीं ज्याच्याकडे दहा वर्षें सुधारीत आणलेला नांगर, तो करणारीं माणसें आणि त्याची ओळख पटलेले शेतकरी तयार होते, त्यालाच त्या संधीचा उपयोग झाला. त्या दिवशीं जो कामाला आरंभ करणार होता, त्याला नाहीं. हें भांडवल कोणत्याही पेढीवर कर्जाऊ मिळत नाहीं. तें रोज थोडें थोडें साठवावें लागतें.

आणि तें जळतही नाहीं. १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळींत किर्लोस्करवाडीही सांपडली. त्या वेळीं लक्ष्मणराव अठ्याहत्तर वर्षांचे होते. आयुष्याच्या अखेरीस आपल्या हातानें वसविलेल्या वाडींतून उठणाऱ्या ज्वाळा पाहण्याचा प्रसंग कोणावरही येऊं नये. पण कारखाना पुन्हां उभा राहिला, पुन्हां चालूं झाला. इमारत जळली तरी ती उभारण्याची रीत माणसांच्या हातांत होती. लक्ष्मणराव १९५६ सालीं वारले, तोंवर त्यांच्या चिरंजीवांच्या पिढीनें पुण्यास व बंगळूरास १९४६ सालीं काढलेले इंजिनांचे व विजेच्या यंत्रांचे कारखाने चांगलेच मूळ धरून राहिले होते.

श्रोतेहो, ह्या सर्व हकीकतींत एकही संवय अशी नाहीं कीं जी शहाण्या आईबापांना आपल्या मुलांस घरींच लावतां येणार नाहीं. जें बोलावयाचें तें आधीं हातानें करून पाहावें. दिलेली वस्तु दुसऱ्याच्या उपयोगीं पडेपर्यंत आपलें काम संपलें असें समजूं नये. नकार मिळाला तर त्याचें कारण शोधावें. माणसाची पारख त्याच्या कामावरून करावी, आणि हिशेब त्याच दिवशीं लिहावा. मुलाला चार आण्यांची भाजी आणावयास धाडण्याचे दिवस गेले; पण घरांतली जुनी रद्दी मोजून विकणें, दुकानदारानें जास्त दिलेले पैसे परत नेऊन देणें, बिघडलेला पंखा कारागीर उघडीत असतां त्याच्याजवळ बसून पाहणें, हीं कामें आजही घरोघर निघतात. आपण मुलाला त्यांपासून दूर ठेवतों, आणि 'अभ्यास कर' म्हणून सांगतों. तोही अभ्यासच आहे.

पुढील वर्षीं 'मी मोठेपणीं कोण होणार' हा निबंध पुन्हां शाळाशाळांतून लिहिला जाईल. डॉक्टर आणि इंजिनियर त्यांत असोतच. त्यांची देशाला गरज आहे. परंतु दर वर्गांतून एखाद्या मुलानें, एखाद्या मुलीनें, 'मी चांगला माल करीन आणि तो मानानें विकीन' असें न लाजतां लिहावें, आणि तें वाचून घरांतल्या कोणीं नाक मुरडूं नये. आमच्या पिढीला जें क्वचितच दिसलें, तें तुमच्या घरांत दिसावें, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.